काचेच्या फ्यूजची मिश्र डबी: गिटार अ‍ॅम्पसाठी घ्यावी का?

कप्प्याकप्प्यांची प्लास्टिकची डबी आणि आत अर्ध्या अँपिअरपासून दहापर्यंतचे काचेचे फ्यूज. अ‍ॅम्पवाल्यांनी ती घेताना आधी फ्यूजच्या धातूच्या टोपीवर कोरलेलं अक्षर बघावं. अशा डब्यांत बहुतेकदा 'एफ' असतं, म्हणजे फास्ट. अ‍ॅम्पच्या मेन्सला, म्हणजे घरच्या विजेच्या बाजूला, सहसा लागतो 'टी', म्हणजे स्लो ब्लो. अक्षरच नसेल तर डबी घेऊच नका.

स्विच टाकताच ट्रान्सफॉर्मर आणि रिकामे फिल्टर कपॅसिटर क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतात. तेवढा धक्का स्लो ब्लो सोसतो, फास्ट उडतो. अ‍ॅम्प धडधाकट असूनही फ्यूज जातच राहतो, मग वैतागून कोणीतरी १ अँपिअरच्या जागी ३ चा घालतं. पुढे खरोखर शॉर्ट झाला की फ्यूजऐवजी मेन्स ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि अ‍ॅम्पमधल्या सर्वांत महागड्या भागांपैकी तो एक.

मापाचाही घोळ आहे. डबीत ५×२० आणि ६×३० मिमी असे दोन प्रकार येतात. जुन्या अमेरिकी धाटणीच्या अ‍ॅम्पला ६.३×३२ लागतो; तिथे ६×३० चा सैल बसतो, सैल संपर्क तापतो. रेटिंग वाचताना व्होल्टेजही बघा: अ‍ॅम्पच्या पॅनलवर १२० व्होल्टला २ अँपिअर लिहिलं असेल, तर २३० वर साधारण १. पॅनलवर 'एच' (मोठा शॉर्ट करंट सुरक्षितपणे तोडणारा) लिहिलं असेल तर वाळू भरलेला सिरॅमिक फ्यूजच हवा, काचेचा नको.

दर्जा तपासायला टोपी बोटांनी फिरवून बघा. फिरली तर तो फ्यूज बाद. मल्टिमीटरवर १ अँपिअरच्या वरचे फ्यूज एक ओहमच्या आत दाखवतात. मिलीअँपिअरवाल्यांत काही ओहम दिसले तरी घाबरू नका.

उडालेला फ्यूज फेकण्याआधी उजेडात धरा. काच आतून काळी-चंदेरी झाली असेल तर जबर शॉर्ट. तार नुसती मधोमध तुटली असेल तर भार थोडाच जास्त होता, किंवा फ्यूज थकला होता. दुसराही उडाला की डबीला लगेच हात लावू नका. व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प असेल तर प्लग काढा, थंड होऊ द्या, पॉवर व्हॉल्व्ह उपसा, मग नवा फ्यूज घालून चालू करा. टिकला तर संशय पॉवर व्हॉल्व्हवर. तरीही उडाला तर रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग), फिल्टर कपॅसिटर नाहीतर ट्रान्सफॉर्मर. स्टँडबाय स्विच चालू केल्यावरच उडत असेल तर दोष एचटीच्या, म्हणजे व्हॉल्व्हना लागणाऱ्या उच्च व्होल्टेजच्या, बाजूला शोधावा.

एकच अ‍ॅम्प असेल तर डबीपेक्षा त्याच रेटिंगचे पाच-दहा 'टी' फ्यूज सुटे घेणं शहाणपणाचं. दुरुस्ती करणाऱ्यांनी सोबत ६० ते १०० वॅटचा तारेचा बल्ब अ‍ॅम्पच्या वीजपुरवठ्याला सिरीजमध्ये जोडायची सोय ठेवावी, एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक; लखलखतच राहिला तर शॉर्ट अजून आहे, आणि फ्यूज वाचला. चेसिस मात्र माहीतगारानेच उघडावी: प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ४०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो.