शीआन की चेंगदू?
चीनच्या सहलीत बीजिंग पाहून झाल्यावर उरलेले चार दिवस शीआन शहराला द्यावेत की चेंगदूला, यावर एका मित्रमंडळींच्या गटात एकमत होत नाही.

पाहण्याच्या बाबतीत शीआनचे पारडे निःसंशय जड आहे. १९७४ मध्ये विहीर खणताना सापडलेले मातीच्या पुतळ्यांचे प्राचीन सैन्य शहराबाहेर असल्याने त्यासाठी निम्म्याहून अधिक दिवस जातो. मात्र सुमारे १४ किलोमीटर लांबीचा मिंग राजवटीच्या काळातला तट शहरातच असून, भाड्याच्या सायकली घेऊन सर्वांना मिळून त्यावरून फेरी मारता येते. चेंगदूत पांडा प्राणी पाहायचे तर पहाटे उठावे लागते आणि लेशानच्या ७१ मीटर उंच बुद्धासाठी दुसऱ्या शहरी जावे लागते.

खाण्यात मात्र चेंगदू सरस ठरते. मधोमध उकळत्या रश्श्यात ज्याने त्याने आपले जिन्नस शिजवायचे, असा तेथील हॉटपॉट घोळक्याशिवाय रंगतच नाही. जीभ बधिर करणारी सिचुआन मिरी ही कोकणातल्या तिरफळाची जवळची नातलग, त्यामुळे ती काहींना ओळखीची वाटेल. तिखट न सोसणाऱ्यांनी दोन कप्प्यांचे भांडे मागवावे, म्हणजे एकात तिखट लाल रस्सा आणि दुसऱ्यात सौम्य रस्सा मिळतो. शाकाहाऱ्यांनी लाल रस्सा टाळावा, कारण त्यात बहुधा गोमांसाची चरबी असते. शीआनच्या मुस्लिम मोहल्ल्यात गोमांस-मटणाचाच भर असला, तरी थंड लिआंगपी नूडल्स बिनमांसाच्या मिळतात.

सतत हिंडणाऱ्या, इतिहासाची ओढ असलेल्या गटाने शीआन निवडावे. निवांत बसून खाणाऱ्या, चहाघरात दुपार घालवणाऱ्या गटाने चेंगदू. वाद मिटलाच नाही, तर दोन्ही शहरे पाहावीत; वेगवान रेल्वेने त्यांच्यातले अंतर साधारण चार तासांचे आहे.