एकत्र सीट: आधी पैसे भरून घ्याव्यात की चेक-इन उघडेपर्यंत थांबावं?

तिकीट काढताना नावं-वयं भरून झाली की सीट मॅप उघडतो आणि जवळजवळ प्रत्येक चौकोनावर एक रक्कम लिहिलेली असते. सीट न निवडता पुढे जाण्याचं बटण कुठेतरी कोपऱ्यात असतं, आणि ते दाबलं तर उभ्यानेच प्रवास करावा लागेल असं वाटावं अशी त्या पानाची मांडणी असते. तसं काही नसतं. कन्फर्म तिकिटात सीट आलीच. जादा पैसे लागतात ते कुठली सीट आणि कोणाशेजारची, हे आपण ठरवायचं असेल तर.

मग ऐकायला मिळतं की पैसे कशाला घालवता, २४ तास आधी चेक-इन उघडलं की लगेच करून टाका, एकत्र सीट मिळतात. काही एअरलाइन्समध्ये हे अगदी खरं आहे आणि काहींमध्ये साफ खोटं. म्हणून आपली एअरलाइन कशी सीट वाटते ते आधी बघायचं.

लवकर चेक-इनला अर्थ कुठे आहे

पहिला प्रकार सोपा. तिकिटाच्या दरातच साध्या सीटची निवड धरलेली असते. इथे २४ तासांची वाट बघणं म्हणजे फुकट मिळणारी गोष्ट इतरांना देऊन टाकणं. तिकीट काढतानाच सीट घ्या. चेक-इनच्या वेळी फक्त आणखी चांगली सुटली आहे का ते बघा.

दुसऱ्या प्रकारात आधी निवडायचे पैसे लागतात, पण चेक-इन उघडल्यावर उरलेल्या साध्या सीट फुकट निवडता येतात, किंवा निदान सिस्टीम एका पीएनआरवरच्या लोकांना शेजारी बसवायचा प्रयत्न करते. लवकर चेक-इनचा सल्ला खरा याच गटासाठी आहे. इथे पहिल्या तासात आलेला आणि विमानतळावर जाताना गाडीत बसून चेक-इन करणारा, यांच्यात मोठा फरक पडतो.

तिसरा प्रकार म्हणजे सीट मुद्दाम कशाही वाटणाऱ्या एअरलाइन्स. रायनएअर ही युरोपातली स्वस्त एअरलाइन याचं सगळ्यात माहितीतलं उदाहरण. पैसे भरून सीट घेणाऱ्यांना तिथे ६० दिवस आधीपासून चेक-इन करता येतं, न घेणाऱ्यांना शेवटच्या २४ तासांत, आणि त्यांना सीट कुठली येईल हे सिस्टीम ठरवते. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पैसे न भरता वेगवेगळं बसावं लागल्याचं प्रमाण रायनएअरमध्ये सर्वाधिक, ३५ टक्के, निघालं होतं. अशा ठिकाणी घड्याळ लावून उठण्यात अर्थ नाही. उलट एकट्या माणसाला उशिरा केलेलं चेक-इन कधीकधी फायद्याचं ठरतं, कारण आधी मधल्या सीट संपतात आणि न विकल्या गेलेल्या खिडकीच्या, आइलच्या (मधल्या वाटेलगतच्या) सीट शेवटी उरतात. दोघं-तिघं असाल तर मात्र हा डाव खेळू नका. उशीर झाला की सलग जागाच उरत नाही.

चौथाही एक प्रकार होता: सीट नंबरच नाही, आधी चढेल तो आधी बसेल. अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइनमध्ये चेक-इनच्या क्रमावर चढण्याचा नंबर ठरायचा आणि तो आपोआप लवकर मिळावा म्हणून वेगळे पैसे घेतले जायचे. २७ जानेवारी २०२६ पासून तिथेही नेमून दिलेल्या सीट आल्या. त्याआधीचे 'बरोबर चोविसाव्या तासाला क्लिक करा' छापाचे सल्ले आता बाद समजा.

आपलं तिकीट कुठल्या प्रकारचं आहे ते एअरलाइनच्या नावापेक्षा फेअरच्या, म्हणजे तिकिटाच्या दर-प्रकाराच्या, नावावरून कळतं. एकाच विमानात 'बेसिक' किंवा 'लाइट' फेअरवाल्याला सीट निवडता येत नाही आणि त्याच्या वरच्या फेअरवाल्याला फुकट येते, हे नेहमीचं आहे.

पैशांचा हिशोब

सीटचे पैसे माणशी आणि फ्लाइटमागे लागतात, प्रवासामागे नाही. चौघांचं कुटुंब, जाता-येता एकेक ठिकाणी विमान बदलायचं, म्हणजे ४ गुणिले २ गुणिले २, एकूण १६ सीट. एका सीटची रक्कम क्षुल्लक वाटते, सोळांची वाटत नाही. हा आकडा काढून मगच वरच्या फेअरशी तुलना करा. त्यात सीटबरोबर बॅग किंवा तारीख बदलण्याची सोय येत असेल, तर बऱ्याचदा तोच स्वस्त पडतो.

सगळ्याच फ्लाइटवर पैसे घालायची गरजही नसते. तासाभराच्या जोडफ्लाइटवर वेगळं बसलं तर काय बिघडतं? रात्रभराच्या फ्लाइटवर घाला, छोटीवर सोडून द्या.

चेक-इनवर विसंबायचं ठरवलं तर

आधीच्या दिवशीच 'मॅनेज बुकिंग'मध्ये जाऊन पासपोर्ट नंबर, त्याची मुदत, परदेशातला पत्ता, संपर्क क्रमांक हे सगळं भरून ठेवा. चेक-इनच्या पानावर चौघांचे पासपोर्ट टाइप करण्यात पंधरा मिनिटं जातात, आणि तेवढ्यात सलग तीन सीट हातच्या जातात.

वेळ मोजायची ती फ्लाइट सुटते त्या शहराच्या घड्याळाने. परतीच्या प्रवासात इथेच गोंधळ होतो. शिवाय २४ तास हा सार्वत्रिक नियम नाही. काही एअरलाइन्स ४८ तास आधी उघडतात, ईझीजेट तर ३० दिवस आधी. तिकिटाच्या ईमेलमध्ये हे लिहिलेलं असतं.

चेक-इन करताना सगळ्यांच्या नावांवर एकदमच टिक करा. एकेकाचं केलं तर सिस्टीम प्रत्येकाला स्वतंत्र प्रवासी समजून जिथे जागा दिसेल तिथे टाकते. सीट आपोआप आलेली दिसली तरी लगेच 'पुढे' दाबू नका. आधी 'सीट बदला' उघडा, फुकटातल्या कुठल्या आहेत ते बघा, चौघांच्या जागा लावा, मग शेवटचं बटण दाबा. बोर्डिंग पास आल्यावरही बऱ्याच ॲपमध्ये सीट बदलता येते, म्हणून रात्री एकदा आणि निघण्याआधी एकदा पुन्हा डोकावा.

आणि तरीही फसतं ते सहसा अशा कारणांनी. कोडशेअर फ्लाइट असेल, म्हणजे तिकीट एका एअरलाइनचं आणि विमान दुसरीचं, तर सीट विमान चालवणाऱ्या एअरलाइनच्या साइटवरच निवडावी लागते, आणि तिचा पीएनआर बहुधा वेगळा असतो. तो आधीच फोन करून मागून घ्या. दोन कुटुंबांनी वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर सिस्टीमच्या लेखी ती एकमेकांना ओळखत नाहीत. फोनवर दोन पीएनआर जोडून देतात, पण ती फक्त नोंद असते, शेजारच्या सीटची हमी नव्हे. व्हिसाची कागदपत्रं तपासायची असतील तर ऑनलाइन चेक-इन मधेच अडतं आणि 'काउंटरवर या' एवढंच दिसतं. तसं होण्याची शक्यता असेल तर सीट आधीच घेतलेली बरी.

आणखी एक बारकावा फारसा कोणी सांगत नाही. जोडफ्लाइटवाल्यांचं चेक-इन अनेक ठिकाणी त्यांच्या पहिल्या फ्लाइटच्या वेळेनुसार संपूर्ण प्रवासाचं उघडतं. तुम्ही मधल्या शहरातून चढणार असाल, तर तुमच्या चोविसाव्या तासाच्या कितीतरी आधी त्यांनी त्याच विमानातल्या सीट उचललेल्या असतात. मोठ्या हबवरून (जिथे अनेक जण विमान बदलतात अशा विमानतळावरून) सुटणाऱ्या लांबच्या फ्लाइटला फुकट चेक-इनवर विसंबणं म्हणूनच जास्त जोखमीचं.

सीट मॅपवर किती विश्वास ठेवावा

राखाडी चौकोन म्हणजे भरलेली सीट, असं समजून लोक घाबरून पैसे भरतात. त्यातल्या बऱ्याच सीट नुसत्या अडवून ठेवलेल्या असतात: नेहमीच्या प्रवाशांसाठी, अपंग प्रवाशांसाठी, बाळाच्या बेसिनेटसाठी (छोट्या पाळण्यासाठी), विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या हाती राहाव्यात म्हणून. त्या शेवटच्या दिवशी टप्प्याटप्प्याने मोकळ्या होतात. उलटही खरं आहे: मॅपवर निम्मं विमान रिकामं दिसत असेल, तर ते तिकिटं न खपल्यामुळे असेल किंवा लोकांनी सीटचे पैसे न भरल्यामुळे. नुसत्या मॅपवरून फ्लाइट किती भरली आहे ते कळत नाही.

किती जण आहात यावर निर्णय

दोघं असाल तर बहुतेक वेळा पैसे भरू नका. सीट कशाही वाटणारी एअरलाइन नसेल तर सलग दोन सीट बहुधा कुठेतरी सापडतात. ३-३ रचनेच्या, म्हणजे आइलच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सीट असलेल्या विमानात (एअरबस ए३२०, बोइंग ७३७) एक खिडकी आणि एक आइल घेऊन मधली मोकळी सोडायची युक्ती जुनी आहे, पण फ्लाइट भरलेली नसेल तर चालते, कारण मधली सीट कोणी स्वखुशीने घेत नाही. मधे कोणी आलंच, तर त्याला खिडकी किंवा आइल देऊ करा. नाही म्हणणारा विरळाच. पैसे भरणारच असाल तर विमान बघून भरा. एअरबस ए३३० मध्ये इकॉनॉमीत साधारण २-४-२ असतं, म्हणजे खिडकीकडच्या दोन सीट जोडप्यासाठीच केल्यासारख्या. त्या सगळ्यात आधी जातात आणि चेक-इनपर्यंत टिकत नाहीत. छोट्या एटीआर किंवा एम्ब्रेअरमध्ये बहुधा सगळ्या रांगा २-२, तिथे घाई कशाला?

तिघांचं गणित अवघड. ३-३ मध्ये पूर्ण रिकामी तिघांची बाजू चेक-इनला क्वचित उरते. पण 'एकत्र' याचा अर्थ जरा सैल केला, म्हणजे दोघं एका बाजूला आणि तिसरा आइलपलीकडे त्याच रांगेत, तर शक्यता बरीच वाढते.

चौघांनी एका ओळीचा हट्ट सोडावा. पुढे दोघं, बरोबर मागे दोघं ही मांडणी शोधायला सोपी आणि मुलं असतील तर जास्त सोयीची. मूल मागे बसवलं की लाथा घरच्याच माणसाच्या पाठीला बसतात आणि सीट मागे घेतली तरी तक्रार घरातच राहते. अर्थात मुलाशेजारी एक मोठा हवाच. ३-४-३ च्या बोइंग ७७७ मध्ये मात्र मधल्या चार सीट सरळ घ्याव्यात.

लहान मूल असेल तर आमचा कल स्पष्ट आहे: नियम काय म्हणतो ते बघा आणि तो पुरेसा नसेल तर पैसे भरा. भारतात डीजीसीएच्या (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या) एप्रिल २०२४ च्या निर्देशानुसार १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या किमान एका पालकाच्या किंवा सोबतच्या मोठ्या माणसाच्या शेजारी सीट द्यावी लागते. कॅनडात ५ वर्षांखालच्या मुलाला पालकाला लागून, ५ ते ११ वयाला त्याच रांगेत फार तर एक सीट सोडून, १२-१३ वयाला फार तर एक रांग सोडून, तेही फुकट. रायनएअरमध्ये १२ वर्षांखालची मुलं असतील तर एका मोठ्या माणसाला सीट विकत घ्यावीच लागते, आणि त्याच्याबरोबरच्या चार मुलांपर्यंत सीट फुकट मिळते. यातला 'एका' हा शब्द नीट वाचा. मुलाशेजारी आई किंवा बाबा बसतील एवढीच ही हमी आहे. दुसरा पालक दहा रांगा मागे गेला तरी नियम मोडत नाही. आणि मुलाचं तिकीट वेगळ्या पीएनआरवर असेल तर भारतातला हा निर्देश उपयोगी पडत नाही.

मांडीवरचं बाळ असेल तर एक तांत्रिक अडचण आधीच माहीत हवी. तीन सीटच्या बाजूला साधारणपणे ऑक्सिजनचे चारच मास्क असतात, त्यामुळे एका बाजूला एकच बाळ बसू शकतं. दोन बाळं घेऊन दोन मैत्रिणी शेजारी बसायला गेल्या तर सिस्टीम नकार देते. एकीने आइलपलीकडची सीट घ्यावी.

पैसे भरून वाईट सीट घेऊ नका

शेवटच्या रांगेची पाठ बहुतेक विमानांत मागे जात नाही, आणि इमर्जन्सी एक्झिटच्या लगेच पुढच्या रांगेचीही. बोइंग ७३७ मध्ये पंखाच्या थोडं पुढे एअर कंडिशनिंगची नळी भिंतीतून जाते, तिथे 'खिडकीच्या' सीटला खिडकीच नसते. रायनएअरची ११ए यासाठी प्रसिद्ध आहे. समोर भिंत असलेल्या पहिल्या रांगेत पाय मोकळे राहतात, पण हात टेकायच्या दांड्यातच ट्रे असल्याने तो वर होत नाही आणि झोपलेल्या मुलाला आडवं करता येत नाही. उड्डाणाच्या वेळी बॅगही वरच ठेवावी लागते. इमर्जन्सी एक्झिटच्या रांगेत मुलांना बसवत नाहीत (अमेरिकेत ही मर्यादा १५ वर्षांची), म्हणून कुटुंबाने तिकडे बघूच नये.

पैसे भरलेल्या सीटही जातात

विमान बदललं की सीट नव्याने वाटल्या जातात आणि पैसे भरलेले चौघंही विखुरतात. वेळ बदलल्याचा ईमेल आला की प्रत्येक वेळी बुकिंग उघडून सीट तपासा. ईमेलमध्ये सीटचा उल्लेख नसतो. निवडलेली सीट मिळाली नाही तर ते पैसे परत मागता येतात, अमेरिकेत २०२४ च्या नियमाने ते परत करणं एअरलाइनला बंधनकारकच आहे. जुन्या सीट नंबरचा स्क्रीनशॉट ठेवला तर बोलणं लवकर आटोपतं. तुम्ही स्वतः तारीख बदलली तर मात्र बहुधा ते पैसे गेले.

काउंटर, गेट आणि विमानात

दोन्ही वाटा हुकल्या तर काउंटर उघडताच पोचा. 'एकत्र द्या' एवढंच म्हणण्यापेक्षा नेमकं मागा: 'सहा वर्षांच्या मुलाशेजारी एक मोठं माणूस हवं, बाकीचे कुठेही चालतील.' एवढं देणं कर्मचाऱ्याच्या हातात असतं. चार सलग सीट देणं नसतं. तिथे जमलं नाही तर गेटवर, बोर्डिंग सुरू होण्याआधी. चेक-इन बंद झाल्यावर न आलेल्यांच्या सीट तिथेच सुटतात, पण रांग चालू झाली की कोणाला वेळ नसतो.

विमानात अदलाबदल मागायची तर समोरच्याला तितकीच किंवा अधिक चांगली सीट द्या: आइलच्या बदल्यात आइल, तेही पुढच्या रांगेतली. मधली सीट हातात घेऊन खिडकी मागितली तर नकार येणारच, आणि त्यात गैर काही नाही. त्या माणसाने कदाचित तिचे पैसे भरलेले असतात. त्याच्या जागेवर आधीच बसून मग विचारू नका. छोट्या विमानात क्रूला विचारल्याशिवाय हलूही नका, तिथे वजनाचा तोल सीटनुसार मोजलेला असतो.