आठ महिन्यांनंतर : खड्डे पडलेलं जुनं स्टेनलेस रिव्हॉल्व्हर

फेब्रुवारीत इथे ह्यूस्टनमधल्या एका दुकानातून स्मिथ अँड वेसनचं मॉडेल 64 घेतलं. रीतसर फॉर्म आणि तपासणी होऊन 300 डॉलरला पडलं. .38 स्पेशल जातीची काडतुसं, सहा गोळ्यांचं, चार इंची बॅरल (नळी). कधीकाळी पोलिसाच्या कमरेला असलेलं आणि मग वर्षानुवर्षं चामड्याच्या होल्स्टरमध्ये तसंच पडून राहिलेलं. बॅरलच्या डाव्या अंगाला खसखशीएवढे खड्डे, दोन-तीन तर मोहरीएवढे.

स्टेनलेसला गंज कसा, हे घरात सगळ्यांनी विचारलं. आपल्या भांड्यांच्या चांगल्या स्टीलमध्ये 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. रिव्हॉल्व्हरचं पोलाद कडक करता यावं म्हणून वेगळ्या जातीचं घेतात. त्यात क्रोमियम साधारण 12 ते 14 टक्के, निकेल जवळजवळ नाहीच. लोहचुंबक लावून बघा, चटकन चिकटतं. असं पोलाद उशिरा गंजतं, पण गंजतं. घामाचं मीठ आणि चामड्यात मुरलेला ओलावा एका जागी बसला की गंज अडवणारा क्रोमियमचा वरचा अदृश्य थर तिथे फुटतो आणि गंज आडवा न पसरता खाली पोखरत जातो.

पहिल्याच रविवारी मी चूक केली. सिलिंडर, म्हणजे गोळ्या बसतात तो फिरता भाग, उघडून सहाही घरं रिकामी असल्याची खात्री केली, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवल्या, इथवर ठीक. पण मग 400 नंबरचा पॉलिश पेपर घेऊन बॅरलवरचा एक खड्डा घालवायच्या मागे लागलो. तासाभराने खड्डा तिथेच होता आणि भोवतालचा भाग किंचित खोलगट झाला होता. उजेडात तिरकं धरलं की ती लाट आजही दिसते, आणि दिसली की जीव हळहळतो. खड्डा घालवायचा नसतो, खड्ड्यातला गंज घालवायचा असतो.

त्यानंतर पद्धत बदलली. मूठ काढली, सुटे भाग रात्रभर तेलात ठेवले. खड्डे नायलॉनच्या ब्रशने आणि ब्राँझच्या बारीक तारेने घासले. साधी लोखंडी तारेची घासणी अजिबात नको. तिचे कण पृष्ठभागात रुततात आणि तेच पुढे गंजतात. शेवटी 600 चा पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, तेल लावून, बॅरलच्या लांबीच्या दिशेने फक्त हलका हात फिरवला. कंपनीची अक्षरं आणि कडा सोडून दिल्या. आरशासारखी चकाकी आणायचा मोह टाळा, मूळचा मंद पोतच या हत्याराला शोभतो.

आतली यंत्रणा झाकणारी बाजूची पट्टी काढताना स्क्रू कुठला कुठून निघाला ते कागदावर मांडून ठेवा. पुढचा स्क्रू सिलिंडर ज्यावर बाहेर उघडतो तो दांडा धरतो, तो तिथेच परत जायला हवा. पट्टी स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. मुठीच्या सांगाड्यावर लाकडी दांड्याने टकटक केलं की ती आपोआप वर येते. माझ्या हातात ती अलगद सुटली तेव्हा आत वाळून राळेसारखं झालेलं तेल दिसलं. चाप जड वाटायचा तो त्यामुळेच.

गोळ्यांच्या घरांना आतून पेपर लावू नका. तिथे खोल खड्डे असतील, किंवा चाप ओढल्यावर सिलिंडर नेमक्या जागी अडकत नसेल, तर सरळ गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे जा. माझ्याकडे घरं स्वच्छ निघाली; सिलिंडर आणि बॅरलमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) 0.006 इंच भरली.

आता वापराबद्दल. महिन्यातून दोनदा नेमबाजीच्या रेंजवर नेतो. चाप रेशमासारखा ओढला जातो, रिकामी काडतुसं एका दाबात बाहेर पडतात. सिलिंडरच्या तोंडावर काळी वलयं येतात, ती मी घासत बसत नाही. घरी आल्यावर मात्र गोळ्यांमधलं शिसं हाताला राहू नये म्हणून हात साबणाने नीट धुतो आणि जेवणाच्या टेबलावर सफाई करत नाही.

जुलैत, दमट हवेत, मुठीखालचे दोन खड्डे पुन्हा तपकिरी झाले. बाहेरची बाजू ठणठणीत होती. तेल ओघळून गेलं होतं ते फक्त तिथून. तेव्हापासून तेलाऐवजी संग्रहालयात धातूंना लावतात ते पांढरं मेण लावतो, होल्स्टर पेटीबाहेर ठेवतो आणि दर महिन्याला मूठ उघडतो. काल उघडली. पांढरा फडका दोनदा फिरवला. एका खड्ड्यापाशी तांबूस ठिपका उमटला, बाकी फडका कोरा.