कालयंत्र घेणाऱ्यांनो, आधी घड्याळाचं कोष्टक तपासा

बॅटरी, आवाज, जागा किती लागते हे सगळं एव्हाना सर्वांना ठाऊक आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही. सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत यंत्र मावतं, वीजबिलही झेपतं. माझी तक्रार एकच, घड्याळाची.

आजीची लग्नपत्रिका घरात जपून ठेवली आहे. १९४३चा वैशाख, सकाळी ९ वाजून १७ मिनिटं, पुढे 'नवा टाइम' असं छापलेलं. तीच वेळ टाकून निघालो. वाड्यात पोचलो तर अंतरपाट दूर झालेला, अक्षता पायाखाली, पंगतीची पानं मांडणं चालू. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा वाजून गेलेले. युद्धामुळे सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ देशातली घड्याळं तासभर पुढे केलेली होती. यंत्राच्या कोष्टकात त्याची नोंदच नाही!

सर्व्हिसवाला आला, सेन्सर पुसला आणि 'वेळ तुम्हीच चुकीची टाकलीत' म्हणून व्हिजिट चार्ज मागू लागला. वॉरंटीत असताना कसला चार्ज? एक पैसा दिला नाही. पत्रिकेचा फोटो पाठवून पाठवून त्यांचा पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे गणपतीच्या सुमारास अपडेट आलं.

तोवर यंत्र विकायचं ठरवलं होतं, तो विचार सोडला. कारण पुन्हा गेलो आणि वेळेत पोचलो. मंगलाष्टकं चालू होती. अंतरपाटाखालून आजीची पावलं दिसत होती, घोट्याशी हळद राहून गेलेली, आणि एका पायाचा अंगठा ती सारखा पाटावर घासत होती. आईला हे सांगितलं तर म्हणाली, म्हातारपणीही घाबरली की तसंच करायची. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

तरी १९०६च्या आधीचं कोष्टक अजून चुकीचंच आहे. प्रमाणवेळ तेव्हापासूनची, ८२.५ अंश रेखांशाची. पुण्याची सूर्यावरची वेळ तिच्या सुमारे ३५ मिनिटं मागे. यंत्र सरसकट प्रमाणवेळ धरतं, म्हणजे आपण तेवढे आधी पोचतो आणि ताटकळण्यात निम्मी बॅटरी जाते. म्हणून गावातल्या वेळेत ३५ मिनिटं मिळवून टाका. स्टेशनवर जायचं असेल तर नऊच, कारण रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची. ही बेरीज गिऱ्हाइकाने का करायची? कोष्टक दुरुस्त होईपर्यंत मी एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीचे पैसे, भरणार नाही, तुम्हीही भरू नका.