जुन्या पीसीवर उबुंटू: हळदीचा सीझन निघाला, तक्रार ग्रुपची

सांगली मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि आमचा पीसी 11 च्या अटींत बसेना. चालतं मशीन भंगारात घालायची आमची रीत नाही, म्हणून विंडोजच्या जागी उबुंटू 24.04 ही लिनक्स सिस्टीम टाकली. वेग, प्रिंटर, मराठी टायपिंग सगळं नीट आहे. लिहायचंय ते ग्रुपबद्दल, म्हणजे कुठल्या खात्याला काय उघडेल हे ठरवणाऱ्या खात्यांच्या गटांबद्दल.

ऐन सौद्यांत दिवाणजींना वेगळं खातं काढून दिलं, तर त्यांच्या खात्यावर काट्याचं वजन येईना. ‘परमिशन डिनाइड’. काटा यूएसबी-सिरीयल केबलवर आहे आणि ते पोर्ट ‘डायलआउट’ ग्रुपलाच उघडतं. बोलावलेल्या माणसाने दोघांची खाती त्यात घातली, पण ‘युजरमॉड’ या खात्याचे ग्रुप बदलायच्या कमांडमध्ये मोठ्या जीच्या आधीचा छोटा ए (‘-aG’मधला) गाळला. ए नसला की जुने जादा ग्रुप पुसले जातात, नवा तेवढा राहतो. माझं खातं ‘सुडो’ या ॲडमिन अधिकारांच्या ग्रुपातून उडालं, सकाळी अपडेटही घेता येईना. म्हणे फॉरमॅट मारावं लागेल, पैसे वेगळे. एक रुपया दिला नाही. ग्रब या मशीन सुरू होतानाच्या मेनूमधून रिकव्हरी मोड, त्यात रूट शेल (सगळे अधिकार असलेली कमांडची जागा), तिथे ‘ॲडयुजर’, खात्याचं नाव, ‘सुडो’ अशी कमांड. काम झालं.

तरी दिवाणजींचं वजन येईचना! ग्रुप लागतो तो नव्या लॉगिनला. आधीपासून चालू असलेलं सेशन जुन्याच ग्रुपांवर चालतं. नुसती ‘आयडी’ कमांड दिली की चालू सेशनचे ग्रुप दिसतात, पुढे खात्याचं नाव दिलं की नोंदवलेले. दोन्हींत फरक दिसला की मशीन सरळ रीस्टार्ट करा. पण हे स्क्रीनवर एका ओळीत सांगायला काय हरकत होती? बाहेर शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदासाठी, ताटकळलेला असतो. याचा राग अजून गेलेला नाही.

तेव्हा वाटलं होतं, एवढ्याशा दुकानाला ही कुलपं कशाला. ते मत आता बदललंय. त्याच माणसाने पट्ट्यांच्या फोल्डरला ‘777’ ही परवानगी लावून ठेवलं होतं, म्हणजे कुठल्याही खात्यावरून कुणीही पट्टी पुसावी. मी ‘हिशोब’ ग्रुप काढला, फोल्डर त्याच्या नावे केला आणि ‘2770’ लावलं, म्हणजे मालक आणि ग्रुप सोडून बाकीच्यांना बंद. पुढच्या 2 मुळे आत बनणारी नवी फाइल आपोआप ‘हिशोब’चीच होते. सीझनला येणाऱ्या पोराच्या खात्यावर तो फोल्डर उघडतच नाही.

फोल्डर होममध्ये, म्हणजे कुणा एका खात्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, मात्र ठेवू नका. उबुंटू 21.04 पासून नव्या खात्याचं होम इतरांना बंद असतं, आतल्या फोल्डरला काहीही लावा. आमचा होमबाहेरच्या ‘एसआरव्ही’ (/srv) या सिस्टीमच्या फोल्डरखाली आहे. कुठे अडतंय ते ‘नेमआय’ कमांडला छोटा एल (‘-l’) आणि पुढे फोल्डरचा पत्ता लावून बघा, वाटेतल्या प्रत्येक फोल्डरची परवानगी दिसते.