‘कार्डिओ’च्या मुळाशी नेणारा शब्दकोश : एटिमऑनलाइन

‘कार्डिओ’ हा शब्दांश आता रुग्णालयाच्या पाटीवर, तपासणीच्या अहवालात आणि व्यायामशाळेच्या वेळापत्रकातही वाचायला मिळतो. त्याची कुळकथा जाणून घेऊ इच्छिणाऱ्यांना डग्लस हार्पर यांनी उभारलेला ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ हा इंग्रजी व्युत्पत्तिकोश मी मनापासून सुचवेन. ‘एटिमऑनलाइन’ या छोट्या नावाने ओळखला जाणारा हा कोश संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो.

नोंदी आटोपशीर असतात. ‘कार्डिओ’ हे ‘हृदयासंबंधी’ या अर्थाचे पूर्वपद असून ग्रीक ‘कार्दिया’ या शब्दापासून आले आहे, एवढे पहिल्याच ओळीत कळते. त्या शब्दाच्या मागे ‘केर्द’ हा आदि-इंडो-युरोपीय, म्हणजे ग्रीक, लॅटिन, संस्कृत, इंग्रजी अशा भाषांच्या समान पूर्वजभाषेतला, धातू दाखवला जातो. धातूपुढील तारांकन हे रूप कोठेही लिहिलेले सापडलेले नसून भगिनीभाषांच्या तुलनेतून सिद्ध केलेले आहे, याची खूण असते. ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

या कोशाचे खरे सामर्थ्य धातूंच्या स्वतंत्र पानांत आहे. ‘केर्द’च्या पानावर ‘कार्डिअ‍ॅक’शेजारीच लॅटिन ‘कोर’पासून निघालेले ‘करेज’, ‘रेकॉर्ड’ आणि ‘कॉर्डिअल’ दिसतात आणि इंग्रजी ‘हार्ट’ही त्याच घरातला निघतो. ग्रीक-लॅटिनमधील ‘क’च्या जागी इंग्रजीसारख्या जर्मानिक भाषांत ‘ह’ येतो, हा नियम एकदा ध्यानात आला की ‘कार्दिया’ आणि ‘हार्ट’ यांचे नाते सहज पटते. मराठी वाचकाने मात्र ‘क्रेडो’ या नोंदीपाशी अवश्य थांबावे. ‘मी विश्वास ठेवतो’ या अर्थाच्या त्या लॅटिन क्रियापदाचा मूळ अर्थ ‘हृदय ठेवणे’ असा लावला जातो आणि त्याचा संस्कृत जोडीदार म्हणून ‘श्रद्धा’ दिलेला आहे. बँकेतले ‘क्रेडिट’, दवाखान्यातले ‘कार्डिओ’ आणि आपली ‘श्रद्धा’ एका धातूवर येऊन मिळतात, हे पाहून मला झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

‘हृदय’ या आपल्या शब्दाचे काय, हा प्रश्न येथे साहजिकच पडतो. शंभर या अर्थाच्या लॅटिन ‘केंटुम’समोर संस्कृतात ‘शत’ येते. त्याच न्यायाने ‘केर्द’समोर ‘श’ अपेक्षित आहे आणि ‘श्रद्धा’तील ‘श्रत्’मध्ये तो मिळतोही. ‘हृद्’मधील ‘ह’ मात्र या नियमात बसत नाही. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाच्या प्राचीन इराणी भाषेतील ‘झेरेद्’ हे रूपही तसेच अनियमित असल्यामुळे हा बदल भारतीय आणि इराणी शाखा वेगळ्या होण्यापूर्वीचा मानला जातो. एवढे बारकावे हवे असतील, तर या संक्षिप्त नोंदींपुढे जाऊन तुलनात्मक व्याकरणाचे ग्रंथ उघडावे लागतील.

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. ग्रीक ‘कार्दिया’ हा शब्द जठराच्या वरच्या तोंडासाठीही वापरला जात असे. म्हणूनच अन्ननलिका जठराला मिळते त्या भागाला शरीररचनाशास्त्रात आजही ‘कार्डिया’ म्हणतात आणि त्या ठिकाणी ‘कार्डिअ‍ॅक’ हे विशेषण हृदयाशी संबंधित नसते. दिसायला सारख्या, पण वेगळ्या कुळांतल्या शब्दांचा उलगडाही हा कोश करतो. ‘कार्डिनल’ लॅटिनमधील बिजागरीवाचक ‘कार्दो’पासून आला आहे, तर ‘कार्डिगन’ हा लोकरी अंगरखा 1854 च्या बालाक्लाव्हाच्या लढाईत हलक्या घोडदळाच्या तुकडीचे नेतृत्व करणाऱ्या अर्ल ऑफ कार्डिगन यांच्या नावावरून ओळखला जातो.

शब्दांपुढे दिलेली वर्षे वाचताना सावध राहावे, कारण ती शब्दाच्या जन्माची नसून लेखनात सापडलेल्या सर्वांत जुन्या आढळाची, तीही बहुधा अंदाजे, असतात. शिवाय हा कोश इंग्रजी शब्दांचा आहे. मराठी शब्दांसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा 1946 चा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ हाताशी ठेवावा. ‘हृदय’पासून मराठीत आलेल्या ‘हिय्या’सारख्या शब्दाचा माग इंग्रजी कोशात लागणार नाही.