10 लिटरचं नोझल, पण किती बारला?

फेस दाबण्यासाठी स्प्रे नोझल घ्यायच्या तयारीत असाल, तर ऑर्डर सोडण्याआधी हे वाचा. आमची खरेदी मीच केली होती. त्यात आमच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे सहा महिने वाया गेले, आणि एक माणूस थोडक्यात वाचला. दुसरी गोष्ट मला अजून झोपू देत नाही.

आमच्या एरेशन टँकवर, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडून जिवाणूंकडून घाण खाववून घेतात त्या टाकीवर, तपकिरी, जाड, सायीसारखा फेस धरत होता. साबणाचा फेस पांढरा आणि हलका असतो, पाण्याचा फवारा बसला की विरतो. हा तसा नव्हता. टाकीत तंतुमय जिवाणू वाढले की असा फेस येतो. त्यांच्या पेशी पाण्याला नकोशा असतात, म्हणून हवेच्या बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि बुडबुडा फुटू देत नाहीत. रात्रपाळीत हा फेस कठडा ओलांडून वॉकवेवर, म्हणजे टाकीवरच्या चालायच्या वाटेवर पसरायचा.

चौकशी लिहून पाठवली होती. हेडरवर (सगळ्या नोझलना पाणी पुरवणारा मुख्य पाइप) प्रेशर 2 बार (बार हे दाब मोजायचं एकक), फवाऱ्याला प्रक्रिया झालेलंच पाणी वापरणार, प्रत्येक नोझलमधून मिनिटाला 10 लिटर हवेत, मटेरियल एसएस 316, म्हणजे गंजाला जास्त टिकणारं स्टेनलेस स्टील. एक पुरवठादार स्वतः येऊन प्रात्यक्षिक दाखवतो म्हणाला. पारदर्शक टबात भांडी घासायच्या साबणाचा फेस, सोबत आणलेला छोटा पंप, आणि फेसापासून वीतभर अंतरावर धरलेलं नोझल. पाच-सहा सेकंदांत टब स्वच्छ. "साहेब, हे फेसासाठीच बनवलेलं खास नोझल आहे," असं तो म्हणाला. पंपाला प्रेशर गेज नव्हता आणि मी तो मागितला नाही. टाकीच्या काठावर नेऊन आमच्याच फेसावर फवारा मारून दाखवा, एवढंही मी म्हणाले नाही. कोटेशनवर 'प्रवाह 10 लिटर प्रति मिनिट' असं छापलेलं होतं. पुढे प्रेशरचा आकडा नव्हता. मी 2 बार लिहून दिले होते, तेव्हा हा आकडा 2 बारचाच असणार, असं मी धरून चालले.

नोझल बसवली आणि फेस हलला नाही. बारीक तुषार फेसावर बसायचे, साय भिजायची, पण फाटत नव्हती. चौथ्या दिवशी अर्ध्या नोझलमधून नुसती पिचकारी येऊ लागली. एक उघडून पाहिलं, तर आत तिरप्या खाचांची एक चकती होती. पाणी त्या खाचांतून गरगरत बाहेर पडतं आणि पोकळ शंकूसारखा बारीक फवारा तयार होतो. स्वच्छ पाण्याला ते ठीक आहे. आमच्या पाण्यात गाळाचे कण आहेत, हे चौकशीतच लिहिलं होतं. त्या खाचांत गाळ गच्च बसला होता. नोझलमधून मोठ्यात मोठा किती मिलिमीटरचा कण आरपार जाऊ शकतो, हा आकडा चांगल्या नोझलच्या तक्त्यात सहसा असतो. या तक्त्यात तो नव्हता.

मग बादली आणि स्टॉपवॉच घेऊन बसले. चकती धुऊन साफ केलेलं नोझल हेडरला लावलं आणि 2 बारवर मोजलं. मिनिटाला 5 लिटर. तीन नोझल मोजली, तिन्ही तेवढीच. पुरवठादाराला फोन केला, तेव्हा उत्तर आलं, "10 लिटरचा आकडा 8 बारचा आहे, साहेब. आमच्याकडे तसाच लिहायची पद्धत आहे."

हिशेब सोपा आहे आणि तो मला त्याच दिवशी करता आला असता. नोझलचा प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. प्रेशर चौपट केलं तर पाणी दुप्पट होतं. 8 बारला 10 लिटर देणारं नोझल 2 बारला 5 लिटरच देणार. चौकशीत 2 बार वाचून 8 बारचा आकडा पाठवणं आणि '8 बार' हे शब्द गाळणं ही चूक नाही. मी याला फसवणूकच म्हणते.

त्यावर त्याने मोठा पंप घ्यायचा सल्ला दिला, तोही त्याच्याकडूनच. उसना पंप लावून पाहिला. प्रेशर वाढलं की थेंब आणखी बारीक होतात. फेस फोडायला थेंबाला वजन आणि वेग लागतो. धुकं वाऱ्यावर उडून कठड्यावर आणि वॉकवेवर बसत होतं. त्याच रात्री आमचा ऑपरेटर वॉकवेवर घसरला. कठड्याची नळी हातात आली म्हणून तो वाचला. हवा सोडलेल्या त्या पाण्यात पडलं तर पोहणाऱ्यालाही तरंगणं अवघड असतं, आणि वर फेस असेल तर माणूस दिसतही नाही.

तिसरी गोष्ट दोन महिन्यांनी कळली. नोझलच्या तोंडाशी गंजाचे ठिपके दिसू लागले. तंतुमय जिवाणूंसाठी आम्ही अधूनमधून हायपोक्लोराइट (क्लोरीनचं, स्टील गंजवणारं द्रावण) फवारत होतो, म्हणून तर 316 मागितलं होतं. अंगावर '316' कोरलेलं होतं. चुंबक लावून काही उपयोग नाही, कारण 304 (साधं, स्वस्त स्टेनलेस स्टील) आणि 316 दोन्हींना तो सहसा धरत नाही. 316 मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, 304 मध्ये नसतं, आणि ते धातूवर रसायनाचा थेंब टाकून करायच्या चाचणीत कळतं. आमच्या तुकड्यात ते आढळलंच नाही. सोबत आलेलं टेस्ट सर्टिफिकेट काढून पाहिलं. त्यावर हीट नंबर, म्हणजे धातूच्या वितळलेल्या घाण्याचा क्रमांक होता, पण तो एकाही नोझलवर नव्हता. म्हणजे तो कागद कुठल्याही मालासोबत चालला असता.

शेवटचा हप्ता आम्ही थांबवला. आधी दिलेले पैसे परत मिळाले नाहीत. आता त्याचा फोन लागत नाही.

सध्या चपट्या पंख्यासारखा फवारा देणारी नोझल आहेत, थेंब जाड, 65 अंशांचा कोन. फेसापासून 50 सेंटिमीटर उंचीवर त्यांचा पट्टा कागदावर 64 सेंटिमीटर येतो. पट्ट्याच्या कडा पातळ असतात, म्हणून नोझल 45 सेंटिमीटरवर बसवली आणि शेजारचे पंखे एकमेकांवर आपटू नयेत म्हणून प्रत्येक नोझल थोडं तिरपं फिरवलं. हेडरच्या आधी स्ट्रेनर आहे, त्याची जाळी नोझलच्या भोकापेक्षा बारीक. एवढं करूनही फवारा फक्त फेस आवरतो. खरा फरक गाळाचं वय, म्हणजे जिवाणूंचा गाळ टाकीत सरासरी किती दिवस राहतो ते, कमी केल्यावर आणि वरची साय काढून टाकल्यावर पडला.

दुसऱ्या पुरवठादाराने दर सांगण्याआधी आमच्या पाण्याची बाटली मागितली. मग विचारलं, पंप बंद झाल्यावर हेडरमध्ये पाणी किती वेळ साचून राहतं? गाळ तिथेच बसतो, आणि सकाळी पंप सुरू झाला की आधी तोच नोझलमध्ये येतो. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आता हेडरच्या टोकाला ड्रेन व्हॉल्व्ह आहे आणि पहिली पाळी तो उघडूनच पंप सुरू करते.